पकड सुटते कशी

मनगट कुणी आवळून धरलं की जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट करतो: हात स्वतःकडे ओढतो. धरणारा अंगाने मोठा असेल तर या ओढाओढीचा निकाल आधीच ठरलेला असतो, कारण आपण नेमके त्याच्या चार बोटांच्या विरुद्ध ओढत असतो. पकडीची बहुतेक ताकद त्या चार बोटांत असते. अंगठा दुसऱ्या बाजूने येऊन बोटांच्या टोकांना भेटतो, आणि जिथे भेटतो तिथे एक फट राहते. हात कितीही दणकट असो, ही फट असतेच. सुटायचं ते तिथूनच.

हे स्वतःवरच करून बघता येतं. उजव्या हाताने डावं मनगट धरा आणि अंगठ्याचं टोक बोटांना कुठे टेकतं ते पाहा. आता मनगटाचा आकार बघा. ते गोल नसतं, चपटं असतं. कोपरापासून येणारी दोन हाडं इथे शेजारी शेजारी बसलेली असतात, त्यामुळे तळहाताची बाजू रुंद आणि अंगठ्याकडची कड अरुंद असते. रुंद बाजू फटीसमोर असली की हात अडकतो. मनगट फिरवून अरुंद कड फटीसमोर आणली की तेवढीच फट पुरते. म्हणून आधी हात वळवायचा, जोर नंतर.

यानंतरचं काम कोपराचं, आणि नवशिके इथेच अडतात. हात मागे खेचण्याऐवजी एक पाऊल धरणाऱ्याच्या दिशेने टाकायचं आणि आपलं कोपर त्याच्या कोपराकडे ढकलायचं. कोपर पुढे गेलं की पंजा आपोआप वर येतो, फोन कानाला लावताना येतो तसा. आता कोपरापासून पंजापर्यंतचा आपला हात ही एक तरफ झाली. एका टोकाला आपल्या अंगाचं वजन, दुसऱ्या टोकाला त्याचा एकटा अंगठा. शिवाय आपण जवळ गेल्याने त्याचं मनगट वाकतं, आणि वाकलेल्या मनगटाने मूठ घट्ट राहत नाही. मूठ घट्ट वळा आणि मग मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा; बोटं कशी ढिली पडतात ते लगेच कळेल.

दोन हातांनी एकच मनगट धरलं असेल तर दोन्ही अंगठे बहुतेक वेळा वरच्या बाजूला असतात, म्हणजे फट वर असते. धरलेल्या हाताची मूठ वळायची, मोकळा हात त्याच्या दोन हातांच्या मधून घालून आपलीच मूठ पकडायची आणि कमरेतून वळत दोन्ही हात आपल्याच खांद्याकडे वर न्यायचे. इथे दंडाच्या ताकदीपेक्षा कमरेचं वळण कामाला येतं. हातात घड्याळ असेल तर पट्ट्यामुळे वळवणं थोडं जड जातं. काचेच्या बांगड्या असतील तर त्या फुटतील, ओरखडे येतील. त्या भीतीने हात थांबू द्यायचा नाही.

मी ज्युदो शिकवते, आणि स्वसंरक्षणाचा वर्ग घेताना सुरुवात मनगटापासूनच करते. एक कारण असं, की त्रास देणाऱ्याचा पहिला स्पर्श पुष्कळदा हाताला होतो: चल म्हणून ओढणं, जाऊ न देणं, गाडीकडे खेचणं. दुसरं कारण असं, की पुढच्या सगळ्या पकडी याच तत्त्वावर सुटतात. फट शोधायची, अरुंद कड तिथे आणायची, अंग वळवायचं, आणि मोकळं होताच तिथून निघायचं. हे शेवटचं सरावात सगळ्यात जास्त विसरलं जातं. हात सुटला की मुली आनंदाने तिथेच उभ्या राहतात, आणि जोडीदार पुन्हा हात धरतो.

छोट्या अंगाच्या माणसाला हे साधतं का, असं पालक विचारतात. लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडिथ गॅरड नावाची बाई जुजुत्सु ही जपानी झुंजकला शिकवायची. तिची उंची ४ फूट ११ इंच होती. बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या संघटनेने १९१३च्या सुमारास आपल्या नेत्यांना पोलिसांच्या हाती लागू न देण्यासाठी महिलांचं एक अंगरक्षक पथक उभं केलं, तेव्हा त्या पथकाला तिनेच तयार केलं. उंच, गणवेशातल्या पोलिसांशी या बायकांची गाठ पडायची, आणि त्यांचा भर समोरच्याचा तोल आणि त्याचाच जोर वापरण्यावर असायचा. मात्र याचा अर्थ अंगाचा आकार बिनमहत्त्वाचा असतो असा नाही. ज्युदोच्या स्पर्धा वजनगटांत होतात त्या उगाच नाही. तंत्रामुळे मोठ्या माणसाचा फायदा काही क्षणांपुरता कमी होतो, आणि निसटायला तेवढे क्षण पुरतात. त्याच्याशी झुंज लांबवली तर तो फायदा परत त्याच्याकडे जातो.

आता भीतीबद्दल, कारण तिला वगळून शिकवलेलं तंत्र रस्त्यावर उपयोगी पडत नाही. धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनलिन उसळतं. छाती धडधडते, नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते, आवाज दूरचे वाटू लागतात, बोटं थरथरतात. दंड आणि मांड्यांचे मोठे स्नायू जोरात चालतात, पण बोटांची नाजूक कामं बिघडतात. एखादी विशिष्ट नस दाबणं, बारीक सांधा मुरगळणं असल्या युक्त्या चटईवर छान दिसतात आणि अशा वेळी हमखास चुकतात. दुसरी अडचण निवडीची. समोर जितके पर्याय, तितका निर्णयाला वेळ अधिक. मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोगांतून हे मांडलं. चाळीस डाव अर्धवट येणाऱ्यापेक्षा चार डाव पक्के येणारा लवकर हलतो. म्हणून आमच्या वर्गात डाव थोडे आणि घोटाई जास्त.

वेळ खरोखर किती कमी असतो ते अमेरिकेतल्या डेनिस टुलर या पोलिस प्रशिक्षकाने मोजून दाखवलं होतं. साधारण २१ फूट अंतर धावत कापायला माणसाला दीड सेकंद पुरतो. २१ फूट म्हणजे एखाद्या मोठ्या दिवाणखान्याची लांबी. तेव्हा कुणी अंगावर यायच्या बेतात वाटला तर हात वर यायला हवेत ते त्याने पाऊल टाकायच्या आधी. कुस्तीत याला पवित्रा म्हणतात. स्वसंरक्षणातला पवित्रा मात्र भांडणाचा दिसू नये. पाय खांद्याएवढे रुंद, एक पाय अर्धं पाऊल मागे, गुडघे किंचित सैल, दोन्ही पंजे उघडे आणि छातीच्या उंचीवर समोर, तळवे त्याच्याकडे. बघणाऱ्याला हा माणूस ‘थांबा’ म्हणतोय असं दिसतं. प्रत्यक्षात चेहरा आणि गळा झाकलेला असतो आणि हात निम्म्या वाटेवर पोचलेले असतात. सोबत आवाज हवा, पोटातून, थोडक्या शब्दांत: ‘मागे हो.’ ‘हात लावू नको.’ ओरडताना श्वास बाहेर पडतो, आणि भीतीने कोंडलेला श्वास मोकळा झाला की अंगही हलू लागतं. वर्गात आवाज काढणं हे पुष्कळ जणींना डाव शिकण्यापेक्षा अवघड जातं. त्याचाही सराव लागतो, आणि तो करून घ्यायचा संकोच शिक्षकाने ठेवू नये.

मारायची वेळ आलीच तर मुठीऐवजी तळहाताची टाच वापरावी, म्हणजे मनगटाला लागून असलेला तळव्याचा जाड भाग. कवटीचं आणि जबड्याचं हाड कठीण असतं. मुठीने मारलं तर करंगळीमागचं पंजातलं लांब हाड बोटाच्या मुळाशी मोडू शकतं. ही मोडतोड इतकी नेहमीची आहे की इंग्रजीत ती मुष्टियोद्ध्यांच्या नावानेच ओळखली जाते, आणि होते ती बहुतेक वेळा न शिकलेल्या मुठीला. तळव्याच्या टाचेने मारताना हाड मोडण्याचा धोका कमी असतो आणि जोर थेट कोपरातून जातो. नाक किंवा हनुवटी, खालून वर. जोर खांद्यातून काढायचा नाही. मागच्या पायाची टाच वळते, कंबर वळते, मग हात जातो. अगदी जवळ असाल, म्हणजे लोकलच्या डब्यातल्या गर्दीत किंवा लिफ्टमध्ये, तर हात लांबवायला जागाच नसते. तिथे कोपर. कोपर हे अंगावरच्या सगळ्यात कडक टोकांपैकी एक आहे, आणि ते मागे, आडवं, वर, तिन्ही दिशांना चालतं. पायांनी मारायचं तर गुडघ्याखाली: नडगीवर बुटाची कड, पावलावर टाच. उंच लाथ मारताना आपण एका पायावर उभे असतो, आणि पाय धरला गेला की संपलं.

जांघेत गुडघा मारला की काम झालं, हा समज मला धोक्याचा वाटतो. बसला तर तो वार जबर असतो, पण जाड जीन्स, जवळ असलेल्या मांड्या आणि अंगात उसळलेलं ॲड्रेनलिन यांमुळे कधी काहीच होत नाही, कधी वेदना काही क्षणांनी जाणवते. एका वारावर भरवसा ठेवून तो बघत थांबू नये. तिसरा-चौथा हात जाईपर्यंत आपण सुटण्याच्या कामात असायला हवं. किल्ल्या बोटांच्या फटीत धरून मारायचा सल्लाही असाच फिरत असतो. वार बसताना किल्ली मागे सरकते आणि आपलीच बोटं फाटतात.

केस धरले जातात तेव्हा दुखतं ते टाळूला बसणाऱ्या ओढीमुळे. म्हणून पहिल्या क्षणी त्याचा पंजा सोडवायला जायचं नाही, उलट आपल्या दोन्ही हातांनी तो डोक्यावरच दाबून धरायचा. ओढ थांबते आणि डोकं पुन्हा आपल्या ताब्यात येतं. मग ज्या दिशेने तो ओढतोय त्याच दिशेने जवळ जायचं, समोरून धरलं असेल तर सरळ आत, मागून धरलं असेल तर वळून त्याच्याकडे तोंड करत. जवळ गेलं की नडगी, पाऊल, कोपर सगळं हाताशी येतं. ओढणी किंवा मफलर ओढला गेला तर बोटं गळ्याच्या आणि कापडाच्या मध्ये घालून ओढणाऱ्याकडे वळायचं. खांद्याला पिनांनी पक्की केलेली ओढणी झटक्यात सुटत नाही.

गळ्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यासाठी नियमही वेगळा. मानेच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. त्या दोन्ही नीट दाबल्या गेल्या तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते, श्वासनलिका मोकळी असली तरी. म्हणून गळ्याला हात लागला की बाकी सगळं बाजूला. प्रतिकार, ओरडणं, पर्स, मोबाइल, सगळं नंतर. आधी गळा मोकळा.

समोरून दोन हातांनी धरलं तर त्याचे अंगठे गळ्यावर आणि बोटं मानेमागे असतात. हनुवटी छातीकडे खाली, खांदे कानांकडे वर. एवढ्यानेच मान आखूड होते आणि थोडी जागा मिळते. मग एक पाय मागे टाकत उजवा हात कानाला चिकटून सरळ वर न्यायचा आणि अख्खं अंग डावीकडे झटक्यात वळवायचं. आपला दंड आणि खांदा त्याच्या मनगटांवर आदळतो. त्याच्याकडे दोन मनगटं आणि दोन अंगठे, आपल्याकडे पूर्ण धडाचं वळण. नुसत्या हातांनी त्याचे पंजे बाजूला करायला गेलं तर हाताविरुद्ध हात अशी लढत होते, आणि ती आपण सहसा हरतो. पाठीशी भिंत असेल तर पाऊल मागे टाकता येत नाही, पण वळण तरीही चालतं. तेही जमत नसेल तर आपल्या बोटांचे आकडे करून, अंगठा बोटांना चिकटलेला ठेवून, त्याच्या अंगठ्यांना झटका देऊन बाहेर खेचायचं. मनगटाचाच नियम इथे आला: पकड अंगठ्याच्या बाजूने उघडते.

मागून कोपराचा विळखा पडला तर सुटणं कठीण आहे, हे शिकणाऱ्यांना स्पष्ट सांगायला हवं. विळख्यात त्याच्या कोपराची घडी असते तिथे थोडी पोकळी राहते. हनुवटी त्या घडीकडे वळवून खाली घालायची, म्हणजे गळ्याचा समोरचा भाग पोकळीत जातो. त्याच वेळी दोन्ही हातांनी त्याचा हात मनगटाशी धरून छातीकडे खाली ओढायचा, आपलं सगळं वजन त्यावर टाकून. गुडघे वाकवून कंबर एका बाजूला सरकवली की मागे वार करायला जागा होते. पण क्रम महत्त्वाचा. हनुवटी आणि हात आधी. दहा सेकंदांचा हिशेब विळखा आवळताच सुरू झालेला असतो.

सरावात या डावासाठी मी हात गळ्यावर ठेवू देत नाही, गळपट्टीच्या हाडावर ठेवायला लावते. आणि प्रत्यक्षात कुणी गळा दाबला असेल तर अंगावर खूण नसली, बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. आतली सूज काही तासांनी वाढू शकते आणि धमनीच्या आतल्या थराला पडलेली चीर बाहेरून दिसत नाही. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत रक्ताचे ठिपके या खुणा दिसल्या तर वाट पाहूच नये.

मागून कुणी हातांसकट कवटाळलं तर उचललं जाण्याआधी वजन खाली न्यायचं: पाय रुंद, गुडघे वाकलेले, बूड मागे. खाली बसलेलं अंग उचलायला जड जातं. कंबर एका बाजूला काढली की मधल्या जागेत मागे मूठ आपटता येते, टाचेने पाऊल ठेचता येतं. हात मोकळे असतील तर त्याची मिठी एका बोटापासून सोडवायची. पूर्ण पंजा उघडणं कठीण. एकटी करंगळी धरून मागे वाकवणं सोपं.

आता जमिनीबद्दल. ढकललं की माणूस हात टेकून पडतो आणि मनगट मोडून घेतो. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये याच दुखापतीचं वर्णन केलं, आणि आजही अस्थिरोग विभागात ती त्यांच्या नावाने नोंदली जाते. ज्युदोत पहिले काही आठवडे फक्त पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर, पाठ गोल, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे दूर जमिनीवर सपाट आपटायचे. डोकं आपटत नाही, मनगटावर वजन येत नाही, आणि आघात लांब-रुंद भागावर वाटला जातो. स्वसंरक्षणातलं एकच कौशल्य शिकायला सवड असेल तर मी हे शिका म्हणेन. हल्ला आयुष्यात होईल न होईल. ओल्या फरशीवर पाय घसरणार हे नक्की.

पडल्यानंतर काय करायचं, इथे आपल्या मातीतल्या सवयीशी टक्कर होते. कुस्तीत पाठ टेकली की कुस्ती संपली. त्यामुळे तालमीत वाढलेला मुलगा पडता पडता पोटावर वळतो, आणि मैदानात ते बरोबरच असतं. कोल्हापूर-सांगलीकडून आलेल्या, माझ्यापेक्षा कितीतरी ताकदवान मुलांमध्ये मी हे बघते. पण रस्त्यावर पोटावर पडलेल्या माणसाला समोरचा दिसत नाही, आणि मान, पाठ, डोक्याचा मागचा भाग उघडा पडतो. तिथे पाठीवर असणं बरं. पाठीवर पडून गुडघे छातीशी घ्यायचे आणि पाय सतत त्याच्याकडे ठेवायचे. तो बाजूने येऊ लागला तर कमरेवर फिरत राहायचं. जवळ आला की टाच नडगीवर किंवा गुडघ्यावर. पाय हातांपेक्षा लांब आणि खूप ताकदीचे असतात, आणि असं पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यापर्यंत पोचायचं तर आधी ते ओलांडावे लागतात. तालमीने दिलेली बाकीची शिदोरी, म्हणजे मानेची ताकद, खाली राखलेला तोल, हाताला हात लागताच समोरच्याचा जोर ओळखण्याची समज, ही दुसरीकडे मिळायला वर्षं लागतात. बदलायची ती एवढी एकच सवय.

उठायचं तेही त्याच्याकडे तोंड ठेवून. उजवा हात मागे टेका, डावा पाय समोर टेका, डावा हात चेहऱ्यासमोर. या दोन टेकूंवर कंबर उचला आणि उजवा पाय खालून ओढून मागे घ्या. उभं राहता तेव्हा आपण एक पाऊल दूर गेलेलो असतो आणि हात वर असतात. तो पोटावर बसलाच असेल तर त्याचा एक हात छातीशी घट्ट धरा, त्याच बाजूचं त्याचं पाऊल आपल्या पावलाने बाहेरून अडवा, टाचा बुडाजवळ आणून कंबर जोरात वर उडवा आणि त्या खांद्यावर वळा. त्या बाजूला त्याला टेकायला हातही उरत नाही आणि पायही, म्हणून वजनदार माणूसही कलंडतो.

चाकू दिसला तर पैसे, दागिने, मोबाइल देऊन टाकावेत आणि अंतर वाढवावं. चाकू हिसकावण्याचे जे व्हिडिओ फिरतात त्यांत चाकूवाला एकदाच, हळू, हात लांब करून भोसकतो आणि मग हात तसाच ठेवतो. खरा हल्लेखोर हात मागे घेतो आणि पुन्हा पुन्हा मारतो. पळायला जागा नसेल तर मधे काहीतरी आणा, सॅक, खुर्ची, उभी केलेली गाडी. नुसत्या हातांनी चाकू घेण्याचे डाव मी नवशिक्यांना शिकवत नाही, आणि एका दिवसाच्या शिबिरात ते शिकवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

या सगळ्यात अनोळखी हल्लेखोर डोळ्यांसमोर येतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. ओळखीच्या माणसाला मारायला हात उचलत नाही. त्याला वाईट वाटेल, घरात काय सांगायचं, आपलाच गैरसमज असेल तर, यात निम्मा वेळ जातो. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या विद्यार्थिनींसोबत एक अभ्यास झाला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२ तासांचं प्रशिक्षण होतं: ओळखीच्या पुरुषाच्या वागण्यातला धोका ओळखणं, मनातला संकोच ओलांडून ठाम नकार देणं आणि शारीरिक प्रतिकार. वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचं प्रमाण नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात ९.८ टक्के होतं, प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के. म्हणून वर्गात आम्ही हेही करून बघतो: जोडीदाराने हसत हसत खांद्यावर हात ठेवायचा, आणि तो हात बाजूला करून, नजर न चुकवता, नाही म्हणायचं. हात उचलण्याच्या फार आधीची ही पायरी आहे.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे, मर्यादेसह. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काबद्दल आहेत. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्या शरीराचाही बचाव करता येतो. बचावासाठी लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि धोका आहे तोवरच हक्क आहे. मृत्यूची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा ॲसिड हल्ल्याची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंतही तो हक्क पोचतो. पण हल्लेखोर पडला, पळाला, किंवा आपण सुटलो, की पुढची लाथ बचावात बसत नाही. सुटल्यावर ११२ या क्रमांकावर फोन करावा आणि आठवतं तोवर काय घडलं ते क्रमाने लिहून काढावं. तक्रार कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. अंगावर मार असेल तर सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्यावी, आणि कपडे धुऊ नयेत.

राहिला सराव. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोच्या एइशोजी मंदिरात १२ चटयांवर कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, तेव्हा जुन्या जुजुत्सुतले इजा करणारे भाग त्यांनी मुक्त सरावातून बाजूला ठेवले. त्याचा फायदा असा झाला की उरलेले डाव पूर्ण ताकदीने, विरोध करणाऱ्या जोडीदारावर रोज करता आले. नुसता गिरवलेला डाव आणि विरोधात टिकलेला डाव यांत फार अंतर असतं. घरी सराव करताना पहिल्यांदा जोडीदाराने सैल धरावं, मग निम्म्या जोराने, मग खरोखर घट्ट, आणि फट उघडली नसेल तर मुळीच सोडू नये. दयेने सोडलेला हात शिकणाऱ्याला फसवतो. दुखलं की दोनदा थाप मारायची आणि थाप ऐकली की त्याच क्षणी थांबायचं, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून. डावा हात, उजवा हात, बसलेलं असताना, जिन्यावर, सॅक पाठीला असताना, डोळे मिटून असं बदलत जावं. वर्ग निवडताना एक तास बाजूला बसून बघा. शिकणाऱ्या एकमेकींना खरंच घट्ट धरतात का, सगळ्यात लहान चणीच्या मुलीला सगळ्यात जड जोडीदार मिळतो का, आणि डाव फसला की शिक्षक तो पुन्हा करून घेतात का, एवढं त्या तासाभरात दिसतं.